३६ बोर म्हणजे ०.३६ नव्हे

ठासणीच्या बारीक नळीच्या बंदुकीबद्दल कुणी ‘छत्तीसची आहे’ म्हणालं, की आधी विचारावं: बोर की कॅलिबर?

कॅलिबर हे सरळ माप. ०.३६ कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास ०.३६ इंच, सुमारे ९.१ मिमी. बोरचा हिशेब वजनाचा, आणि उलटा. एक पौंड शिशाच्या सारख्या ३६ गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी ३६ बोरची. व्यास सुमारे १२.८ मिमी. आकडा वाढला की नळी बारीक. याच हिशेबाने ०.३६ इंची नळी जवळजवळ १०० बोरची भरते!

ससा किंवा खार मारायला निघालेल्याला हा फरक लगेच जाणवतो. ३६ बोरच्या नळीचं तोंड क्षेत्रफळाने दुसरीच्या साधारण दुप्पट. तेवढेच छर्रे ९.१ मिमीच्या नळीत भरले तर त्यांचा थर दुप्पट उंच होतो. कडेचे छर्रे नळीला घासून चपटे होतात आणि बाहेर पडल्यावर भरकटतात. त्यात ०.३६च्या नळीला बहुधा आतून आटे, म्हणजे पिळाच्या खाचा, असतात. ती एका गोळीसाठी घडवलेली. आट्यांमुळे छर्रे गरगरत बाहेर फेकले जातात, त्यांचं कडं होतं, मधली जागा रिकामी उरते आणि ससा नेमका तिथेच बसलेला असतो. म्हणून छर्‍यांना गुळगुळीत नळी, गोळीला आट्यांची. पण नुसत्या ‘बोर’ शब्दावरून नळी गुळगुळीत समजू नये. जुन्या इंग्रजी रायफलींनाही बोरचेच आकडे असत.

गोंधळात भर घालायला ०.४१० ही छर्रे उडवणारी बारीक काडतुसी बंदूक आहेच. हे इंचातलं माप, बोरमध्ये साधारण ६७. तरी युरोपात आणि ब्राझीलमध्ये तिच्या काडतुसांवर सर्रास ‘३६’ छापतात. तो आकडा वरच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

०.३६साठी ओतलेली गोळी ३६ बोरच्या नळीत सैल पडते, पुढे घरंगळते. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली तर बार उडताना नळी फुगू किंवा फुटू शकते. त्यामुळे दस्त्यावरच्या आकड्यापेक्षा व्हर्नियरवर, म्हणजे व्यास मोजायच्या कॅलिपरवर, विश्वास ठेवावा. त्याआधी गज (ठासायची काठी) आत सोडून तोंडाशी खूण करावी, मग तो नळीला बाहेरून लावून पाहावा. टोक बत्तीच्या भोकापर्यंत (जिथून दारू पेटते तिथवर) पोचलं नाही, तर बंदूक भरलेली असू शकते. जुन्या बंदुका अशा सापडतात.