नेट स्लो आहे की कोणी हल्ला करतंय?

समजा फोंड्याला एक कॉलेज आहे, लॅबमध्ये ऑनलाइन परीक्षा चाललीय आणि हॉस्टेलात पोरं मॅच बघतायत. साध्या नेटवर्कात प्रत्येक स्विच, राउटर आपापलं ठरवतो, म्हणून परीक्षेला आधी जागा द्यायची तर ॲडमिनने एकेक डबा उघडून सेटिंग करत बसायचं. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्कमध्ये, म्हणजे एसडीएनमध्ये, ही अक्कल स्विचमधून काढून कंट्रोलरकडे, म्हणजे सगळ्या स्विचना हुकूम देणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरकडे, देतात आणि स्विच सांगितलेलं तेवढं करतो. दोघांनी कसं बोलायचं ते ओपनफ्लो ठरवतं, 2008 मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी मांडलेलं.

फायदा खरा आहे, नुसती हवा नाही. गूगलने 2013 मध्ये आपली डेटा सेंटरं जोडणाऱ्या, एसडीएनवरच्या बी4 नेटवर्कबद्दल सांगितलं की कित्येक लाइनी जवळजवळ 100 टक्के भरून चालतात, एरवी अशा लांबच्या लाइनी 30-40 टक्केच वापरतात, बाकीची जागा अडीनडीला ठेवतात. कुठला डेटा थांबला तरी चालेल हे कंट्रोलरला माहीत असतं ना. चोडणच्या फेरीबोटीत ॲम्ब्युलन्स आधी चढवली तर बोट मोठी करावी लागत नाही, तसं.

पण गोची इथेच आहे. नेटवरचा डेटा छोट्या तुकड्यांनी जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. ज्याचा नियम आधीच मिळालाय ते ओळखीचं पॅकेट स्विच स्वतःच पुढे ढकलतो, अनोळखी आलं की बहुतेक वेळा कंट्रोलरला विचारतो. आता कोणी मुद्दाम खोटे पत्ते बदलून बदलून पॅकेटं सोडत सुटला तर प्रत्येकाला विचारणा, कंट्रोलर दमतो, वर स्विचचं नियमांचं टेबल पण भरतं, ते महाग मेमरीत असतं आणि छोटं असतं. गंमत म्हणजे चालू असलेले कॉल बऱ्याचदा चालूच राहतात, फक्त नवीन लॉगिन होईना, साइट उघडेना. लोक म्हणणार नेट स्लो आहे! म्हणून स्पीडवाले वेगळे आणि सिक्युरिटीवाले वेगळे बसवणं मला तरी पटत नाही.

उपाय आहेत. 2012 च्या ओपनफ्लो 1.3 मध्ये मीटर, म्हणजे पॅकेटांचा वेग मोजून अडवणारी सोय, आले, त्यांनी कंट्रोलरकडे जाणाऱ्या विचारणांवरही मर्यादा घालता येते. परीक्षेच्या सर्व्हरचे नियम आधीच टाकून ठेवायचे, विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. एकाऐवजी तीन कंट्रोलर ठेवायचे. आणि स्विच-कंट्रोलरमधलं बोलणं टीएलएसने, म्हणजे मधल्या कोणाला वाचता-बदलता येऊ नये अशा सांकेतिक पद्धतीने, बंदिस्त करायचं, ओपनफ्लोमध्ये ते सक्तीचं नाहीय, हे जरा अतीच.

करून बघायचंय तर मिनिनेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लॅपटॉपवर तीन स्विचचं खोटं नेटवर्क उभं राहतं, प्रयोग त्याच्यावर करा, कॉलेजच्या नेटवर नको हां.