इंटरफेरॉन आणि कर्करोग

विषाणूची चाहूल लागताच पेशी जी इशाऱ्याची प्रथिने बाहेर सोडतात, ती इंटरफेरॉन. १९५७ मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलाचे तुकडे उष्णतेने निष्क्रिय केलेल्या फ्लूच्या विषाणूंसोबत ठेवले. त्यातून मिळालेल्या द्रवात ताजे तुकडे भिजवले, तर त्यांच्यात जिवंत विषाणू वाढेना. त्या द्रवातला घटक म्हणजे इंटरफेरॉन.

अल्फा, बीटा हे प्रकार बहुतेक पेशी बनवतात. गॅमा मुख्यतः टी आणि एनके या रोगप्रतिकारक पेशींकडून येतो. इंटरफेरॉन पेशीवरच्या ग्राहीला (त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटला की आतील जॅक विकरे जागी होतात आणि स्टॅट प्रथिनांना फॉस्फेट जोडतात. स्टॅट केंद्रकात शिरून शेकडो जनुके चालू करतात. पेशीविभाजन मंदावते, आणि पृष्ठभागावर एमएचसी-१ रेणू वाढतात. या रेणूंवर आतल्या प्रथिनांचे तुकडे मांडलेले असतात. ते पाहूनच टी पेशी बिघडलेली पेशी ओळखतात. गॅमाची ग्राही नसलेल्या उंदरांत गाठी जास्त होतात, हे १९९८ मध्ये दिसले.

गोम अशी की ज्या गॅमामुळे गाठ टी पेशींना दिसू लागते, त्याच गॅमामुळे ती पीडी-एल१ ही ढालही पुढे करते आणि टी पेशी थंडावतात. टी पेशींवरील पीडी-१ (ही ढाल जिला चिकटते ती ग्राही) रोखणारी औषधे ही ढाल निकामी करतात. मात्र २०१६ मध्ये अशा उपचारानंतर आजार उलटलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) ४ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा दोघांच्या गाठींत जॅक-१ किंवा जॅक-२ जनुक निकामी झालेले आढळले. गाठ इशाऱ्याला बहिरी झाली होती. इशारा दीर्घकाळ चालू राहिला तरीही गाठ उपचाराला दाद देईनाशी होते. म्हणून इंटरफेरॉनला सरसकट ‘कर्करोगविरोधी’ म्हणणे चुकीचे.

कर्करोगाच्या प्रसाराचेही तसेच. गुणसूत्रे अस्थिर झालेल्या पेशीत डीएनए केंद्रकाबाहेर सांडतो आणि स्टिंग हा गजर वाजतो. त्यातून इंटरफेरॉन निघायला हवे, पण काही गाठी ती शाखा दाबून एनएफ-कॅपा-बी या दुसऱ्या संदेशमार्गाची वाट धरतात आणि अन्य अवयवांत पसरतात. स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांवरील प्रयोगांत, हाडांत पोहोचलेल्या पेशींनी इंटरफेरॉनची जनुके दाबलेली सापडली.

औषध म्हणून अल्फाला अमेरिकेत १९८६ मध्ये हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. इंजेक्शननंतर ताप, अंगदुखी, गळाठा. फ्लूमधली कणकणही बऱ्याच अंशी इंटरफेरॉनचीच. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या रक्ताच्या कर्करोगात इमॅटिनिब या औषधाने २००१ नंतर इंटरफेरॉनची जागा घेतली. पॉलिसायथेमिया व्हेरात (तांबड्या रक्तपेशी अति वाढणाऱ्या आजारात) मात्र ते टिकून आहे, आणि तिथे बहुतेक रुग्णांत जॅक-२ निकामी नसून अतिसक्रिय असते.