फिल्मवरची मिनिमलिस्ट ब्लॅक अँड व्हाइट लँडस्केप फोटोग्राफी

लँडस्केपच्या फोटोत एखाद-दोनच गोष्टी ठेवायच्या, म्हणजे बर्फातलं एकटं झाड, पाण्यात उभे चार खांब किंवा धुक्यात अर्धी बुडालेली डोंगराची कड, आणि बाकी सगळी फ्रेम मोकळी सोडायची, तेही ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर, अशी ही पद्धत. ऐकायला सोपी वाटते, पण खरी मेहनत त्या झाडावर होत नाही, मोकळ्या जागेवर होते.

या प्रकारात मायकेल केन्ना (जन्म १९५३) हे नाव हमखास निघतं. हा ब्रिटिश फोटोग्राफर मुख्यतः मीडियम फॉरमॅटच्या (३५ एमएमपेक्षा मोठ्या फिल्मच्या) चौकोनी फ्रेमवर काम करतो, जपानमधल्या होक्काइडोतल्या बर्फाचे त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत आणि रात्रीची त्याची काही एक्स्पोजर्स, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, तासन्‌तास चालतात. जपानी फोटोग्राफर हिरोशी सुगिमोतो तर आणखी टोकाला गेला. १९८० पासूनच्या त्याच्या समुद्राच्या मालिकेत फक्त पाणी, आकाश आणि बरोब्बर मध्यातून जाणारं क्षितिज. क्षितिज मधोमध घेऊ नका हे नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगतात, पण फ्रेममध्ये दुसरं काहीच नसेल तर तो नियम कशाला हवा?

रचनेचं काम बरंचसं काढून टाकण्याचं असतं. व्ह्यूफाइंडरमध्ये आधी चारही कडा तपासायच्या, कारण कोपऱ्यातून आत आलेली एक फांदी किंवा विजेची तार गर्दीच्या फोटोत खपून जाते, इथे मात्र नजर थेट तिच्यावरच जाते. दुसरी अडचण रंग नसल्याची. हिरवं झाड आणि मागची तपकिरी टेकडी डोळ्याला वेगवेगळी दिसतात, फिल्मवर दोन्ही एकाच करड्यात मिसळू शकतात आणि झाडाचा आकारच हरवतो. अशा वेळी ट्रायपॉड थोडा खाली घेऊन झाड आकाशावर आणायचं, किंवा धुकं येईपर्यंत थांबायचं. लाल फिल्टर निळं आकाश काळं करतो म्हणून लोक तो सरसकट लावतात, पण लांबच्या डोंगरांमधली निळसर धूसरताही तोच कापतो, आणि एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा हाच विषय असेल तर फिल्टर काढून ठेवलेला बरा.

प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं साधारण १८ टक्के करडं धरून चालतो, त्यामुळे बर्फाचं रीडिंग जसंच्या तसं घेतलं तर बर्फ मळकट येतो. दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्यावे लागतात, म्हणजे पांढराही राहतो आणि त्यातला पोतही टिकतो. पाणी गुळगुळीत हवं असेल तर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळसर काच, लागतो. १/३० सेकंदाचं एक्स्पोजर १० स्टॉपच्या फिल्टरने अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं, आणि इथे फिल्मची खोड आडवी येते, कारण लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता घटत जाते, याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. इलफर्ड कंपनीच्या सूत्राने तिच्या एचपी५ प्लस या फिल्मला मीटरने सांगितलेल्या ३० सेकंदांऐवजी जवळपास दीड मिनिट द्यावं लागतं. फुजीच्या अ‍ॅक्रॉस १०० II या फिल्मला १२० सेकंदांपर्यंत करेक्शन लागत नाही, म्हणून या कामात तिला मागणी.

डेव्हलपिंगमध्ये तर मोकळी जागा काहीच लपवू देत नाही. टाकी हलवण्यात कमीजास्त झालं की आकाशात पट्टे उमटतात, ३५ एमएममध्ये ते बऱ्याचदा कडेच्या भोकांच्या रेषेतच दिसतात. निगेटिव्हवर धुळीचा कण राहिला तर प्रिंटवर पांढरा ठिपका येतो, तो बारीक ब्रशने शाई लावून बुजवायचा, याला स्पॉटिंग म्हणतात, आणि सपाट करड्या आकाशात त्या शाईचा टोन जुळवणं भलतंच किचकट काम आहे. फिल्म मोठी असली तर ग्रेन (चित्रातला दाणेदारपणा) कमी दिसतं, मीडियम फॉरमॅटच्या १२० रोलवर ६ बाय ६ सेंटीमीटरच्या १२ च फ्रेम मिळतात तरी लोक ती वापरतात त्याचं एक कारण हेच.

प्रिंट करताना आकाश कागदाइतकं कोरं सोडलं तर चित्र कुठे संपलं आणि बॉर्डर कुठे सुरू झाली ते कळत नाही, आणि मग इतक्या जपून साधलेली रचनाच विस्कटते. म्हणून आकाशाला थोडं बर्न करून, म्हणजे प्रिंटच्या तेवढ्याच भागाला जास्त प्रकाश देऊन, अगदी फिकट करडा टोन देतात, कडांना किंचित जास्त.