एसएफटीपी आणि एफटीपीएस: नावं जुळी, घराणी वेगळी

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या एखाद्या फाउंड्रीला बाहेरच्या ग्राहकाकडून मेल येतो: ‘यापुढे ड्रॉइंग आणि तपासणी अहवाल मेलवर नकोत, आमच्या एसएफटीपीवर टाका.’ खाली सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) ९९०. गोंधळ इथंच सुरू होतो. एसएफटीपी आणि एफटीपीएस या फाइल सुरक्षित पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. पोर्ट ९९० एसएफटीपीचं नाही, एफटीपीएसचं आहे. मेल लिहिणाऱ्यानं एक अक्षर पुढचं मागं केलं आणि इकडं कॉम्प्युटर बघणारा माणूस पासवर्ड चुकला की काय म्हणून दिवसभर तोच पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

म्हणून अशा मेलमध्ये नावावर जाऊ नका, आधी पोर्ट बघा. २२ असेल तर एसएफटीपी. २१ किंवा ९९० असेल तर एफटीपीएस (२१ वर साधं एफटीपीही असू शकतं). पोर्ट बदलून ठेवलेलं असेल, तर एकच प्रश्न विचारा: ‘सर्व्हरची ओळख पटवायला तुम्ही होस्ट कीचा फिंगरप्रिंट देणार की सर्टिफिकेट?’ फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या डिजिटल किल्लीची छोटी खूण) म्हणाले तर एसएफटीपी, सर्टिफिकेट म्हणाले तर एफटीपीएस.

एफटीपी जुनं आहे. आज चालतात ते त्याचे नियम १९८५ च्या आरएफसी ९५९ या इंटरनेटच्या नियमपत्रातले. त्यात पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघड्यावर जातात. त्याच एफटीपीवर टीएलएसचं, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारं, कवच चढवलं की एफटीपीएस होतं. बँकेच्या वेबसाइटला असतं तेच हे कवच, आणि त्याची पद्धत २००५ च्या आरएफसी ४२१७ मध्ये ठरली. एसएफटीपीचं एफटीपीशी मात्र काहीच नातं नाही. ते एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीच्या, घरातलं. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. फाइल पाठवायची सोय त्यात पुढं आली. ‘एफटीपी चालतंय म्हणजे एसएफटीपीही चालेल’ हा समज म्हणूनच खोटा आहे. फाइलझिला क्लायंट (फाइल चढवायचा-उतरवायचा प्रोग्राम) दोन्ही बोलतो, पण फुकट मिळणारा फाइलझिला सर्व्हर एफटीपी आणि एफटीपीएसच देतो. एसएफटीपी सर्व्हर हवा असेल तर ओपनएसएसएच घ्या. विंडोज सर्व्हर २०१९ पासून ते विंडोजमध्येच ऐच्छिक फीचर म्हणून मिळतं.

खरा फरक दिसतो तो राउटरवर. एसएफटीपी सगळं काम एकाच कनेक्शनवर करतं: लॉगिन, फोल्डरची यादी, फाइल, सगळं पोर्ट २२ वरून. फायरवॉलमध्ये एक नियम घातला की झालं. एफटीपीएसमध्ये आदेशांचं कनेक्शन वेगळं आणि डेटाचं वेगळं. प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक यादीलाही डेटाचं नवं कनेक्शन लागतं, नव्या पोर्टवर.

एफटीपीएस बिघडतं कसं, ते लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींत, स्पष्ट दिसतं. लॉगिन झालं, सर्टिफिकेट स्वीकारलं, आणि मग यादी मागितल्यावर सगळं थांबलं. २० सेकंदांनी फाइलझिला म्हणतो, कनेक्शन टाइम आउट. त्याच्या जरा वर २२७ क्रमांकाचं उत्तर असतं आणि त्यात सहा आकडे: १९२,१६८,१,१०,१९५,१४९. पहिले चार म्हणजे सर्व्हरचा आयपी. शेवटच्या दोघांतून पोर्ट निघतं: १९५ गुणिले २५६, अधिक १४९, म्हणजे ५००६९. आता यात दोन दुखणी असू शकतात. आयपी १९२.१६८ नं सुरू होतोय, म्हणजे सर्व्हर स्वतःचा ऑफिसमधलाच पत्ता सांगतोय, जो बाहेरून कुणालाच सापडणार नाही. किंवा ५००६९ हे पोर्ट राउटरवर उघडलेलं नाही. साध्या एफटीपीत बरेच राउटर हे उत्तर वाचून पोर्ट आपोआप उघडतात. एफटीपीएसमध्ये तेच उत्तर कुलूपबंद असतं, राउटरला ते वाचता येत नाही. ‘काल एफटीपी चालत होतं, आज सुरक्षित केलं आणि बंद पडलं’ ही तक्रार याच कारणानं येते.

यावर उपाय: सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पॅसिव्ह पोर्टची (डेटासाठी सर्व्हर उघडतो त्या पोर्टची) रेंज ठरवून द्या, समजा ५०००० ते ५०१००. तेवढीच रेंज राउटरवर सर्व्हरच्या दिशेनं वळवा, आणि पॅसिव्ह मोडच्या रकान्यात ऑफिसचा बाहेरचा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी लिहा. पाचदहा ग्राहकांना शंभर पोर्ट पुरतात. रेंज दहाचीच ठेवली तर छोट्या छोट्या फाइल भराभर पाठवताना पोर्ट संपतात आणि ४२५ चा एरर येतो. ब्रॉडबँडवाल्यानं स्वतंत्र आयपी दिलेला नसेल, तर दोन्हींपैकी कुठलाच सर्व्हर ऑफिसमधून चालणार नाही. आधी तो मागून घ्या. आणि फाइलझिलावर भरवसा ठेवून चाचणी संपवू नका. आयपी चुकीचा आला तर तो स्वतःच दुरुस्त करून घेतो, पण ग्राहकाची रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट तेवढी समजूतदार असेलच असं नाही.

एफटीपीएसमध्ये आणखी एक खोच आहे आणि ती धोक्याची आहे. आदेशांचं कनेक्शन सुरक्षित झालं म्हणजे फाइल सुरक्षित झाली असं नाही. डेटाच्या कनेक्शनला कवच हवं असेल तर ‘प्रॉट पी’ हा वेगळा आदेश जावा लागतो. ‘प्रॉट सी’ राहिलं तर पासवर्ड झाकून जातो आणि ड्रॉइंग उघडं. सर्व्हरवर डेटाला टीएलएस सक्तीचं करा, क्लायंटच्या मर्जीवर सोडू नका.

एसएफटीपीची दुखणी वेगळी, बहुतेक किल्ल्यांची आणि परवानग्यांची. इथं पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी चालते: सार्वजनिक की सर्व्हरवर, खाजगी की ग्राहकाकडेच. ग्राहकाकडून सार्वजनिक की मागवली की पुट्टीजेन या की बनवणाऱ्या प्रोग्रामनं सेव्ह केलेली फाइल येते. ती अनेक ओळींची असते आणि ओपनएसएसएचला ती तशी चालत नाही. पुट्टीजेनच्या खिडकीत वरच्या चौकोनात जी एकच लांबलचक ओळ दिसते, ती हवी. ती व्हॉट्सॲपवर चिकटवून पाठवली तर मध्येच तुटू शकते, म्हणून टेक्स्ट फाइल मागवा. कुणी चुकून पीपीके फाइलच पाठवली तर ती खाजगी की आहे. ती वापरू नका, नवी जोडी बनवायला सांगा.

प्रत्येक ग्राहकाला त्याच्याच फोल्डरात कोंडायचं तर ओपनएसएसएचमध्ये ‘क्रूट डिरेक्टरी’ वापरतात. इथं हमखास चूक होते ती अशी: ते फोल्डर ग्राहकाच्या नावावर केलं जातं. मग पासवर्ड किंवा की बरोबर असूनही कनेक्शन लगेच तुटतं आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ दिसतं. लिनक्सवर बाहेरचं फोल्डर रूटच्या (सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या) मालकीचं, ७५५ परवानगीचं (बदल फक्त मालकाला, वाचन सगळ्यांना) ठेवा. त्याच्या आत ‘अपलोड’ नावाचं फोल्डर करून तेवढंच ग्राहकाच्या नावावर करा. विंडोजवर ॲडमिन युजरची की त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवून चालत नाही, ती प्रोग्रामडेटातल्या एसएसएच फोल्डरातल्या वेगळ्या फाइलमध्ये जाते. खरं तर ग्राहकाचं खातं ॲडमिन असताच कामा नये.

सर्व्हरची ओळख पटवण्यातही दोघांचं वागणं निराळं. एफटीपीएसचं सर्टिफिकेट मुदतीचं असतं. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि २०२९ मध्ये ती ४७ दिवसांवर येणार आहे, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आत्ताच लावा. एसएफटीपीच्या होस्ट कीला सहसा मुदतच नसते. पण पंचगंगेच्या पुरात मशीन भिजलं आणि नव्या मशीनवर सर्व्हर पुन्हा उभा केला, तर की बदलते आणि प्रत्येक ग्राहकाकडची स्क्रिप्ट ‘होस्टची ओळख बदलली’ म्हणून अडते. होस्ट कीच्या फाइलींचा बॅकअप वरच्या मजल्यावर किंवा शहराबाहेर, कुलपात ठेवा. पहिल्यांदा जोडताना फिंगरप्रिंट फोनवर वाचून जुळवा. डोळे झाकून ‘यस’ दाबणाऱ्यासमोर बनावट सर्व्हरही उभा राहू शकतो.

निवड तुमच्या हातात असेल तर एसएफटीपीच घ्या, पासवर्ड बंद करून फक्त कीवर. पोर्ट २२ वर रात्रंदिवस पासवर्ड ठोकून बघणारे बॉट असतात. एफटीपीएस घ्यायचं ते ग्राहकाची यंत्रणाच तशी असेल तर.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच करावी लागते. मोठी स्टेप फाइल (त्रिमितीय ड्रॉइंगची) चढत असतानाच ग्राहकाची स्क्रिप्ट ती उचलते आणि तिकडं अर्धवट फाइल उघडते. फाइल ‘.पार्ट’ शेवट लावून पाठवा, पूर्ण चढल्यावर तिचं नाव बदला, आणि ‘.पार्ट’ फायलींना हात लावू नका असं ग्राहकाला लेखी कळवा.