गरोदर मुलगी, वाढतं वय आणि तिचं जेवण : पार्श्वभूमी

गरोदरपणात किती खावं, यावर वैद्यकशास्त्राचं मत गेल्या सव्वाशे वर्षांत पार उलटं झालं आहे. १८८९ साली लुडविग प्रोखोव्निक या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने शेवटच्या आठवड्यांत मुद्दाम मोजकं खाणं आणि कमी पाणी द्यावं, असं सुचवलं. त्याला कारण होतं. कंबरेची हाडं अरुंद असलेल्या बायकांचं बाळंतपण अडायचं आणि सिझेरियन तेव्हा जिवावरचं होतं. बाळ लहान राहिलं तर बाई सुटेल, हा हिशेब. पण अडलेल्या बाईसाठीचा हा विचार पुढे सरसकट झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीतरी डॉक्टर धडधाकट बायकांचंही वजन वाढू नये म्हणून त्यांचं जेवण तोडत होते.

१९७० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने या पद्धतीला स्पष्ट विरोध केला आणि सरासरी २४ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो वजनवाढ योग्य ठरवली. इथून प्रौढ बायकांची तरी उपासमार थांबू लागली.

किशोरवयीन मुलींचा प्रश्न मात्र वेगळा होता. पाळी येऊन काही वर्षं झाली की मुलीची उंची वाढायची जवळजवळ थांबते, तेव्हा दिवस गेलेल्या मुलीची वाढ संपलेलीच असणार, असं धरलं जाई. गरोदरपणात उंची मोजली तर तसंच दिसायचंही. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहरात थेरेसा शोल आणि मेरी हेडिगर या संशोधकांनी या मोजमापातली खोट शोधली. पोटाच्या भाराने पाठीचा कणा दबतो आणि त्याचा बाक वाढतो, त्यामुळे उभं करून मोजलेली उंची फसवी निघते. म्हणून त्यांनी मुलीला बसवून गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजली, आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजली. कणा दबला तरी नडगीचं हाड दबत नाही. जवळपास निम्म्या मुली गरोदरपणातही वाढत असल्याचं दिसलं.

खरा धक्का १९९४ च्या त्यांच्या निबंधात होता. वाढत्या मुलींचं वजन चांगलं वाढत होतं, बाळंतपणानंतर त्यांच्या अंगावर चरबीही जास्त राहत होती, तरीही त्यांची बाळं वाढ थांबलेल्या मुलींच्या बाळांपेक्षा कमी वजनाची होती. आलेलं अन्न आईचं शरीर स्वतःकडे ओढून घेत होतं. याच दशकात स्कॉटलंडमधल्या रोवेट संस्थेत जॅकलीन वॉलेस यांनी कोवळ्या वयाच्या गाभण मेंढ्यांना भरपूर खाऊ घातलं. मेंढ्या झपाट्याने वाढल्या, पण त्यांची वार, म्हणजे गर्भाला अन्न पोहोचवणारा अवयव, खुरटली आणि कोकरं लहान जन्मली. माणसाला हे जसंच्या तसं लावता येत नाही. तरी ‘दोन जिवांचं खा’ हा सल्ला कोवळ्या वयाला पुरत नाही, एवढं यातून नक्की कळतं. इथे वाढणारे जीवच दोन असतात.

शिफारशी मात्र डळमळत राहिल्या. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९० मध्ये कमी वयाच्या मुलींना वजनवाढीच्या वरच्या मर्यादेकडे जायला सांगितलं, तर २००९ मध्ये त्यांना प्रौढांचेच आकडे लावले. कॅल्शियमबाबत वयाचा विचार टिकला. त्याच संस्थेने १९ वर्षांवरील गरोदर स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम, तर १४ ते १८ वयाच्या गरोदर मुलीला १३०० मिलिग्रॅम सांगितलं, कारण तिची स्वतःची हाडं अजून भरत असतात.

माझ्या मते या साऱ्या आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे ते वेळेचं गणित. फॉलिक अॅसिडमुळे बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टळतात, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ च्या चाचणीने सिद्ध केलं. पण मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तेव्हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या सुमारे २ कोटी १० लाख मुलींना वर्षाला दिवस जातात आणि त्यातली जवळपास निम्मी गरोदरपणं नको असताना आलेली असतात. अशी मुलगी घाबरून गप्प राहते. पोट दिसू नये म्हणून जेवण टाळते, उलट्या लपवते, आणि दवाखान्यात पोहोचते तेव्हा पहिले तीन महिने बहुधा उलटलेले असतात. तिथे आधी तिला बोल लावले, तर पुढच्या तपासणीला ती येतच नाही, आणि लोहाच्या गोळ्याही तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.