काउंट आले, म्हणजे प्रतिकारशक्ती आली?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाचे आईवडील सगळ्यात जास्त वाट पाहतात ती काउंट येण्याची. दात्याच्या मूळ पेशी मुलाच्या हाडांतल्या मज्जेत रुजल्या, असा त्याचा अर्थ. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा सलग तीन दिवस 500 च्या वर राहिला की डॉक्टर तसं सांगतात. बहुतेकदा हे दोन ते चार आठवड्यांत घडतं. मग घरी सोडण्याची बोलणी सुरू होतात, गावाकडे फोन जातात, मामा-मावशा भेटायला निघतात. गफलत होते ती इथेच. काउंट येणं आणि प्रतिकारशक्ती परतणं यांत कित्येक महिन्यांचं अंतर असतं, आणि मूल घरी येतं ते या मधल्या काळात.

न्यूट्रोफिल जिवाणू आणि बुरशीशी लढतात, आणि त्या लवकर तयार होतात. विषाणूंना ओळखणाऱ्या टी पेशींचं तसं नाही. त्या छातीतल्या थायमस ग्रंथीत नव्याने घडाव्या लागतात; त्याला सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींनाही तसाच वेळ लागतो. त्यात दात्याच्या पेशींनी मुलाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करू नये म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असतं, आणि ते औषध नेमकं या टी पेशींनाच दाबून ठेवतं. म्हणून रिपोर्टवर पांढऱ्या पेशी सहा हजार असतानाही कांजिण्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

काइमेरिझमच्या, म्हणजे रक्तात दात्याच्या पेशी किती हे मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टमुळेही असाच समज होतो. शंभर टक्के पेशी दात्याच्या आहेत, एवढंच तो सांगतो. त्या लढायला तयार झाल्यात की नाही, हे त्यावरून कळत नाही.

थॅलेसेमियाच्या मुलांच्या घरी सावध राहणं मला सगळ्यात कठीण वाटतं. वर्षानुवर्षं दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवलेलं मूल. ते थांबतं, गालांवर तजेला येतो, आणि आजार गेला हे खरंही असतं. अशा मुलाला मास्क लाव, लग्नाला नेऊ नको, असं आजीला पटवायचं कसं? म्हणून आजी-आजोबांनाही डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांसमोर बसवावं. आईने एकटीने सांगितलं तर तो तिचा धाक ठरतो.

काउंट आल्यावर काही बंधनं डॉक्टर सैल करतात, पण घरातली बरीचशी खबरदारी टी पेशींसाठी असते आणि ती लांब चालते. भिंतीची ओल, शेजारचं बांधकाम, बाल्कनीतली कबुतरांची विष्ठा यांतून बुरशीचे कण श्वासात जातात. गणपतीत घरोघरी येणारं पपनस मुलाला देऊ नये. त्याने सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढू शकते. औषधाची पातळी तपासायची असेल त्या सकाळी डोस रक्त दिल्यानंतर द्यावा, आधी दिला तर आकडा चुकीचा येतो. ताप 100.4 फॅरनहाइट झाला की काउंट कितीही चांगले असोत, थेट ट्रान्सप्लांट युनिटला फोन करावा. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये.

लसींचं तर वेगळंच बघायला हवं. आधी घेतलेल्या लसींचं संरक्षण बरंचसं पुसलं जातं, त्यामुळे जवळपास सगळं लसीकरण पुन्हा करावं लागतं. निष्क्रिय लसी साधारण तीन ते सहा महिन्यांनंतर सुरू होतात. गोवर आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी मात्र किमान दोन वर्षांनी, तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद असतील आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला असेल तरच. पल्स पोलिओच्या रविवारी लहान भावंडाला बूथवर नेण्याआधी थांबा. तोंडावाटे दिलेल्या लसीतला विषाणू त्याच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो. त्याला इंजेक्शनची पोलिओ लस द्यायची, आणि घरी आलेल्या आशाताईंना कारण मोकळेपणाने सांगायचं. भावंडांच्या बाकीच्या लसी मात्र चुकवू नयेत. घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लसही घ्यावी.

शाळा कधी सुरू करायची, हेही आजच्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरून, ठरत नाही. डिस्चार्जच्या दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या: सायक्लोस्पोरिन कधीपासून कमी होणार, टी पेशींची तपासणी केव्हा, आणि पहिली लस कोणत्या महिन्यात. उत्तरं फाइलच्या पहिल्याच पानावर लिहा. त्याच पानावर युनिटचा चोवीस तासांचा नंबर, आणि 'रक्त किंवा प्लेटलेट द्यायची वेळ आली तर इरॅडिएटेडच (किरणोत्सर्गाची प्रक्रिया केलेलंच)' ही ओळही असू द्या. रात्री तालुक्याच्या ठिकाणी मूल तपासणाऱ्या डॉक्टरांना सगळ्यात आधी तेच पान दाखवावं लागेल.