रस्त्याकडेचा वड आणि निसर्गचित्रण : सातारा-सांगली परिसराची पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जागेवर बसून निसर्गचित्र रंगवण्याची जी पद्धत आज रुळलेली दिसते, तिची शिस्त युरोपात ओक वृक्षासमोर घडली. इथे तिच्यासमोर वड आला. इंग्लंड-फ्रान्समधला ओक साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत निष्पर्ण असतो. बुंध्यातून फांदी कुठे फुटते, कुठे वळते आणि कुठे भाराने खाली येते, हे तिथला चित्रकार हिवाळ्यात शिकतो आणि उन्हाळ्यातल्या दाट पानांखालीही तोच सांगाडा ओळखत राहतो. वड मात्र असा महिनोन्‌महिने उघडा राहत नाही. कोरड्या भागात माघ-फाल्गुनात त्याची पाने बरीच गळतात, पण लगोलग तांबूस पालवी फुटते. त्यामुळे त्याची रचना समजून घ्यायची ती पारंब्यांवरून, जमिनीत रुतून खांब झालेल्या मुळ्यांवरून आणि आतल्या काळोखावरून. पाठ्यपुस्तकातून शिकलेला ‘झाड कसे काढावे’ हा धडा इथे निम्माच उपयोगी पडतो. सह्याद्रीत ओक नैसर्गिकरीत्या वाढत नाही. पाचगणीत दिसणारा सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियातला असून त्याचे खऱ्या ओकशी कुळाचे नाते नाही.

पेशवाईच्या उत्तरार्धातल्या वाई-मेणवलीच्या वाड्यांतील भित्तिचित्रांत झाडे आहेत, परंतु ती संकेताने काढलेली आहेत. समोर बसून पाहिलेली नव्हेत. उघड्यावर बसून रंगवण्याची सवय आली ती १८२८ नंतर महाबळेश्वर हे हवापालटाचे ठिकाण म्हणून वसवले गेल्यावर. चित्रकलेचे प्राथमिक शिक्षण हा त्या काळी कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा भाग होता आणि दरीकडे तोंड करून बसलेले ‘पॉइंट’ त्यांना आयतेच मिळाले. १८४१ मध्ये दाबून रंग काढता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले गेले, तैलरंग पिशवीत घालून फिरणे सोपे झाले, आणि युरोपातील चित्रकार मोठ्या संख्येने रानात उतरले. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली, १८८८ पासून कलाप्रदर्शनांना संस्थात्मक आधार मिळाला, आणि शिकलेले तरुण गावाकडे परतताना रंगपेटी घेऊन येऊ लागले. औंध संस्थानचे अधिपती स्वतः चित्रकार होते; त्यांनी डोंगरावर उभारलेले संग्रहालय १९३८ मध्ये खुले झाले. त्यांचा स्वतःचा ओढा रामायणादी विषयांकडे होता, तरीही खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात अस्सल चित्रे डोळ्यांनी पाहता येणे ही गोष्ट लहान नव्हती.

या परिसराचे वैशिष्ट्य त्याच्या पावसात आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातील माण-खटावमध्ये किंवा सांगलीच्या जत-आटपाडीकडे तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच रंगपेटीने, दोन वेगवेगळे ऋतू रंगवावे लागतात. पश्चिमेला आषाढ-श्रावणात हवाच इतकी ओली असते की जलरंगाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, लवकर वाळत नाही. दुसरा हात घाईने दिला तर खालचा रंग उठतो आणि हिरवा मळकट होतो. पूर्वेला चैत्र-वैशाखात उलट अडचण, कारण आभाळाचा वॉश बोर्डाच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधीच वरची कड सुकून रेघ उमटते. कागदाचा पांढरा राखून पारदर्शक रंगाने चित्र पुरे करण्याचा आग्रह महाराष्ट्रातील जलरंगकारांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे, आणि तो या हवेत पाळणे किती कठीण आहे, हे जागेवर बसल्याशिवाय कळत नाही. मधल्या काळात भाद्रपद-आश्विनात कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फुले येतात, थंडीत शाळूच्या शेतांवर धुके उतरते, आणि माघ-फाल्गुनात माळ पिवळा पडला की पळस, पांगारा आणि काटेसावर पानांविना फुलतात. सांगाडा शिकण्याची जी संधी युरोपात ओक देतो, ती आपल्याकडे खरे तर काटेसावर देते. पूर्वेकडच्या बाभळीतून आरपार आभाळ दिसते. तिच्यासाठी ब्रश जवळजवळ कोरडाच धरावा लागतो.

तरीही या चित्रांचा केंद्रबिंदू वडच राहिला. जावळी तालुक्यातील म्हसवे येथील वडाचे १८८२ मध्ये मोजमाप झाले, तेव्हा त्याच्या विस्ताराचा घेर १,५८७ फूट भरला होता; दक्षिणोत्तर ५९५ फूट आणि पूर्व-पश्चिम ४४२ फूट. असे झाड चित्रात मावत नाही. चित्रात मावणारा वड हा रस्त्याकडेचा वड होता. मनगटाहून जाड फांद्या रोवून असे वड ओळीने वाढवले जात, त्यामुळे ते एका वयाचे आणि जवळपास एका उंचीचे होत. दोन्ही बाजूंनी कमान धरणारा रस्ता, मध्ये बैलगाडी आणि जमिनीवर कवडशांची जाळी ही मांडणी त्यातूनच आली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला, तेव्हा अशा अनेक ओळी नाहीशा झाल्या.

या संदर्भात भोसे येथील निर्णयाचा विचार तपशिलाने करावा लागतो. मिरज-पंढरपूर मार्गावरील या गावात यल्लम्मा देवीच्या मंदिरासमोरचा, सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत तोडला जाणार होता. जुलै २०२० मध्ये पर्यावरण कार्यकर्ते आणि ग्रामस्थ त्याच्या बाजूने उभे राहिले, राज्याच्या मंत्रिपातळीवरून केंद्राला पत्र गेले, आणि आखणी बदलून झाड वाचवण्याचा निर्णय झाला. या निर्णयावर आक्षेप घेता येतात. आखणी सरकली की दुसऱ्या कोणाची तरी जमीन जाते. मंजूर कामात बदल म्हणजे खर्च आणि विलंब. शिवाय त्याच महामार्गावरील इतर झाडांना ही दाद मिळाली नाही, मग एकालाच का, असेही विचारता येते. हे आक्षेप खरे असले, तरी झाड हलवता येत नाही आणि रस्ता हलवता येतो, ही साधी गोष्ट प्रशासनाने मान्य केली, हे माझ्या मते अधिक महत्त्वाचे आहे.

या चर्चेत झाडाचे वय आले, विस्तार आला, पक्षी आले, वारकऱ्यांची सावली आली. ते झाड पाहण्याजोगे, रंगवण्याजोगे आहे, म्हणून राखावे, हा मुद्दा मात्र कोणत्याही निर्णयाचा आधार झाला नाही. फ्रान्समध्ये फोंतेनब्लोच्या जंगलात नेमके तेच घडले होते. जुने ओक तोडून झटपट वाढणारे पाइन लावण्याच्या धोरणाविरुद्ध तिथे तळ ठोकलेल्या चित्रकारांनी सम्राटाकडे दाद मागितली. १८५३ मध्ये ६२४ हेक्टर क्षेत्र तोडीतून वगळले गेले आणि १८६१ च्या आदेशाने १,०९७ हेक्टर जंगल कलेच्या कारणासाठी राखले गेले. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या हा निर्णय अकरा वर्षे आधीचा आहे. वनखात्याच्या हिशेबाने म्हातारे झाड उतरवून नवी लागवड करणे हेच योग्य होते. चित्रकारांनी त्या हिशेबात वेगळी किंमत मांडली आणि ती मान्य करून घेतली. आपल्याकडे वडाची पूजा होते, त्याला दोरा गुंडाळला जातो, पण दृश्य म्हणून त्याचा हक्क सांगणारा आवाज कायद्याच्या भाषेत अजून पोहोचलेला नाही.

रस्त्यांखेरीज पाण्यानेही हा प्रदेश बदलला. कोयना धरणाने खोऱ्यातली गावे पाण्याखाली घेतली, धोम धरणाने वाईच्या वरची कृष्णा रुंद केली. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी पूर्वेकडे पोहोचले तसा उन्हाळ्यातला पिवळा माळ जागोजागी उसाने आणि द्राक्षबागांनी झाकला. गेल्या शतकाच्या अखेरीपासून वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि आजचा चित्रकार त्या क्षितिजरेषेतून वगळाव्यात की ठेवाव्यात, हे जागेवरच ठरवतो. कास हे पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांसह २०१२ मध्ये जागतिक वारसायादीत आल्यापासून फुलांच्या हंगामात तिथे ईझल मांडायला मोकळी, शांत जागा सुट्टीच्या दिवशी क्वचितच मिळते. त्यामुळे अनेक जण कृष्णाकाठच्या घाटांकडे आणि शाळूच्या रानांकडे वळले आहेत, जिथे बांधावरचा एखादा जुना वड अजून शेतकऱ्याच्या मर्जीवर उभा असतो आणि त्याची नोंद कोणत्याही यादीत नसते.